निरोप नीट पोचला पाहिजे: नोकरी शोधताना आणि नोकरीत बोलायचं कसं

गणपतीतली संध्याकाळ. आरती झालेली, ओटीवर माणसं बसलेली. मुंबईहून आलेले काका चहा घेता घेता घरातल्या पोराकडे वळतात. "काय रे, हल्ली काय करतोस?" पोरगा मान खाली घालून म्हणतो, "बघतोय काहीतरी." काका म्हणतात, "बरं बरं, कुठे काही असलं तर कळवतो." तेवढ्यात कुणीतरी पत्ते काढतं. पाच दिवसांनी विसर्जन करून काका तुतारी एक्सप्रेसने परत जातात आणि पोराचा विषय पुढच्या गणपतीपर्यंत बंद होतो.

मी चिपळूणजवळ राहते. अठरा वर्षं एका कारखान्याच्या कार्मिक विभागात होते. अर्ज उघडले, मुलाखतींना बसले, रुजू होणाऱ्यांना आणि सोडून जाणाऱ्यांनाही पाहिलं. वरचा प्रसंग किती घरांत पाहिला, याची मोजदाद नाही. काकांच्या कंपनीत त्याच महिन्यात फिटर हवा असतो आणि पोरगा फिटरच असतो, पण ही गोष्ट दोघांच्याही तोंडून बाहेर येत नाही. आपल्याकडची मुलं कामाला कमी पडत नाहीत. ती भिडस्त असतात, स्वतःबद्दल मोघम बोलतात, आणि मोघम बोलणं ऐकणाऱ्याला पुढे नेता येत नाही.

माझे वडील परळला गिरणीत होते. त्या काळी गाव आणि मुंबई यांच्यातला निरोप माणसाच्या तोंडूनच जायचा. आई गावातल्या कुणा जाणाऱ्याला सांगायची, "त्यांना म्हणावं, मागल्या पडवीची कौलं फुटलीत, चाळीस लागतील, मे संपायच्या आत पैसे पाठवा." तो माणूस चाळीत दुसऱ्याला सांगायचा आणि तो दुसरा पाळी सुटल्यावर वडिलांना गाठायचा. दोन तोंडांतून जाऊनही निरोप शाबूत पोचायचा, कारण काय झालं, किती हवं आणि कधीपर्यंत हवं, हे सगळं त्यात असायचं. नोकरीच्या बोलण्याला मी हीच कसोटी लावते. तुमचं वाक्य दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं तर ते टिकेल का?

आधी स्वतःचा निरोप लिहून काढा

कुणाला फोन करण्याआधी वही घ्या आणि चार गोष्टी लिहा. कोणतं काम येतं, ते कुठे आणि किती दिवस केलं, कोणत्या गावी जायची तयारी आहे, आणि कधीपासून मोकळे आहात. उदाहरणार्थ:

"मी खेडला फिटरचा आयटीआय केलाय. एक वर्ष औषध कंपनीत अप्रेंटिस होतो, तिथे पंपांच्या मेंटेनन्सचं काम केलं. लोटे, महाड, तळोजा, कुठेही चालेल, शिफ्टही चालेल. १ ऑक्टोबरपासून मोकळा आहे."

मोठ्याने वाचायला वीस सेकंदं लागतात. आता हे शेजारच्या काकूला ऐकवा आणि तिला सांगा की तुझ्या शब्दांत घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांग. त्यात जे गळेल, ते तुम्ही सैल लिहिलंय असं समजा. "कोणतंही काम चालेल" हे वाक्य तर हमखास गळतं. ते नम्रपणाचं वाटतं, पण ऐकणाऱ्याला तुमच्यासाठी काय शोधायचं तेच त्यातून कळत नाही.

"मला तर अनुभवच नाही," असं मुली जास्त म्हणतात. गुहागर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. बी.कॉम. झालेली, दोन वर्षं "घरीच असते" म्हणत होती. थोडं विचारलं तेव्हा कळलं की वडिलांच्या आंब्याचा सगळा हिशेब तीच बघते. कुठल्या बागेतून किती पेट्या निघाल्या, वाशीला कुणाकडे किती गेल्या, पट्टी किती आली, कुणाकडून किती येणं आहे, हे सगळं तिच्या वहीत तारखेनिशी होतं. हंगामात रोजचे तीस-चाळीस व्यवहार. मी तिला एवढंच सांगितलं की "घरीच असते" हे वाक्य खोडून टाक आणि "घरच्या आंबा व्यवसायाचा हिशेब आणि माल रवानगी दोन हंगाम सांभाळली" असं लिही. यात खोटं काही नाही. उगाच "मॅनेजर" वगैरे पदवी लावू नका. काम खरं असलं की त्याचं साधं वर्णनच भारी पडतं.

सांगायचं कुणाला

जवळच्या माणसांना आपण सांगतोच. पण आई-वडील, सख्खे मित्र, वाडीतले लोक यांना जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली बोस्टनजवळच्या गावातल्या नोकरदारांची पाहणी मांडली होती. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणाऱ्याकडून कळलं असं म्हणणारे सुमारे १७ टक्केच निघाले. सुमारे ५६ टक्क्यांनी कधीमधी भेटणाऱ्याचं नाव घेतलं आणि २८ टक्क्यांनी क्वचित भेटणाऱ्याचं.

कोकणातल्या माणसाला हे वाचून नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे अशा लांबच्या ओळखी वर्षातून दोन-तीनदा आपणहून घरी चालत येतात. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला पालखी नाचवायला येतात, मे महिन्यात पोरांना घेऊन येतात. मुंबईत गावाची ग्रामस्थ मंडळं आहेत. गिरण्यांच्या दिवसांत गावाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाने जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घातलं की गावातून आलेल्या पोराला गैरहजर कामगाराच्या जागी बदली काम मिळायचं. ती वाट जुनीच आहे. आज तिथे काय बोलायचं, एवढंच नव्याने शिकायला हवं.

यादी करा. शाळेतले वर्गमित्र, आयटीआयचे किंवा कॉलेजचे शिक्षक, तुमच्या आधी दोन वर्षं पास झालेली मुलं, वडिलांचे जुने सोबती, आत्याच्या सासरचे, मंडळाचे सेक्रेटरी. प्रत्येकासमोर तो कुठे काम करतो ते लिहा. माहीत नसेल तर तोच तुमचा पहिला प्रश्न. वीस नावं सहज निघतात.

मग वेळ बघा. आरतीच्या गर्दीत किंवा भजनाच्या मध्ये हा विषय काढू नये. "काका, मला तुमच्याशी पाच मिनिटं बोलायचंय, उद्या सकाळी येऊ का?" असं विचारून जा. गेल्यावर नोकरी मागू नका, माहिती विचारा. "मला कुठेतरी लावा" म्हटलं की समोरचा अवघडतो, कारण नोकरी देणं बहुतेकांच्या हातात नसतं, आणि नाही म्हणायचीही भीड असते. मग तो "बघूया" म्हणतो, आणि आपल्याकडे "बघूया"चा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याउलट, ज्याचं उत्तर त्याच्याकडे आहे असं काही विचारलंत तर तो मोकळेपणी बोलतो.

"तुमच्याकडे मेंटेनन्सला मुलं कंपनी घेते की कॉन्ट्रॅक्टर?"

"कॉन्ट्रॅक्टरमार्फत. वर्षभराने त्यातली काही कंपनीत घेतात."

"भरती कोण बघतं?"

"आमच्याकडे एक साहेब आहेत. तू असं कर, मला बायोडाटा पाठव, मी त्यांना विचारतो कुठे द्यायचा."

बघा, नोकरी मागितलेली नाही, तरी काम एक पाऊल पुढे गेलं. निघताना, "मी उद्या संध्याकाळपर्यंत पाठवतो," असं सांगा आणि खरोखर उद्या संध्याकाळच्या आत पाठवा. काका मुंबईला पोचून कामाला लागले की तुमचं बोलणं मागे पडतं, म्हणून ते गावात असतानाच मेसेज गेला पाहिजे.

मला येणारे बरेचसे मेसेज असे असतात: "नमस्कार, मी अमुकचा मुलगा. काही असेल तर बघा. बायोडाटा पाठवला आहे." काका हा मेसेज पुढे पाठवू शकत नाहीत. साहेबांना त्यातून काय कळणार? त्याऐवजी असा लिहा:

"काका नमस्कार. काल ओटीवर बोललो तो मी. तुमच्याकडे मेंटेनन्सच्या मुलांची भरती कॉन्ट्रॅक्टरमार्फत होते असं तुम्ही सांगितलंत. मी फिटर, आयटीआय २०२३, पंप आणि व्हॉल्व्हच्या कामाचा एक वर्षाचा अप्रेंटिसचा अनुभव. १ ऑक्टोबरपासून येऊ शकतो, राहायची सोय कळंबोलीला मावशीकडे आहे. बायोडाटा सोबत जोडलाय. हा मेसेज साहेबांना तसाच पाठवलात तरी चालेल. जमलं नाही तरी काही हरकत नाही, तुम्ही वेळ दिलात ते खूप झालं."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. एकाने काकांचं काम सोपं केलं, दुसऱ्याने त्यांच्या मनावरचा भार काढला. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच विचारा. रोज सकाळी "शुभ सकाळ" पाठवून आठवण करून देऊ नका, त्याचा लोकांना खरोखर त्रास होतो.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बरीच चांगली मुलं ओळखीचा आधार घ्यायला लाजतात, कारण त्यांना तो वशिला वाटतो. वशिला म्हणजे लायकी नसताना आत घुसवणं. ओळखीने फक्त तुमचा निरोप योग्य टेबलावर जातो, पुढे मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. मात्र ज्याने तुमचं नाव सांगितलं त्याचं नावही पणाला लागतं, हे लक्षात ठेवा. मुलाखतीला बोलावलं आणि तुम्ही न कळवता गेला नाहीत, तर तो माणूस पुन्हा आपल्या गावातल्या कुणाचंही नाव सांगणार नाही. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. एका मुलाने फोन बंद ठेवला आणि त्याच्या मागून आलेल्या तिघांचं दार बंद झालं.

बायोडाटा आणि ईमेल

यावर फार लिहीत नाही. एक पान पुरे. उंची, वजन, जात, जन्मवेळ हा लग्नाचा बायोडाटा झाला, खासगी नोकरीला यातलं काही लागत नाही. वर नाव, गाव, चालू मोबाइल नंबर. त्याखाली तुम्ही वहीत लिहिलेल्या चार ओळी, मग काम, मग शिक्षण. फाइल पीडीएफ करा आणि तिला तुमचं नाव व कामाचं नाव द्या. "नवीन बायोडाटा फायनल" अशा नावाच्या पंधरा फाइली माझ्या संगणकावर एकाच वेळी असायच्या, त्यातली तुमची कुठली ते मला उघडल्याशिवाय कळत नसे. ईमेलचा विषय रिकामा सोडू नका. पदाचं नाव, तुमचं नाव आणि गाव, एवढं तिथे आलं पाहिजे. आणि लिंक्डइनवर खातं असेल तर तिथली माहिती बायोडाट्याशी जुळते का ते बघा. तारखा जुळल्या नाहीत तर मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

एजंटशी बोलताना

आपल्या किनाऱ्यावरची मुलं जहाजावर जातात, आखातात जातात. त्यामुळे एजंटांचे फोन येतात आणि त्यात फसवणूकही होते. इथे तर नेमकं विचारणं हाच तुमचा बचाव आहे.

जहाजाचं काम असेल तर पहिला प्रश्न: "तुमचा आरपीएसएल नंबर काय?" खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा हा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. जहाजावर लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. आखातातली नोकरी असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. "दीड लाख द्या, व्हिसा हातात" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, "मला हे सगळं लेखी पाठवा. पद, पगार, मालकाचं नाव, कराराची मुदत." खरा एजंट पाठवतो. खोटा घाई करतो, चिडतो, "जागा जाईल" म्हणतो. पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर लाजून बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

फोन आणि मुलाखत

ऑनलाइन मुलाखत असेल तर आदल्या दिवशी जागा ठरवा. आपल्याकडे रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात असते आणि माजघरात नसते, हे बाहेरच्याला माहीत नसतं. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका. सर आली की तुमचा आवाज समोरच्याला ऐकूच जात नाही. जून-जुलैत मी घेतलेल्या मुलाखतींत किती मुलं "हॅलो, हॅलो" करत राहिली! शक्य असेल तर तालुक्याच्या गावी कुणाकडे तरी जाऊन बसा. नसेलच शक्य तर सुरुवातीलाच सांगा: "सर, आमच्याकडे पाऊस आहे, लाइट जाऊ शकते. कॉल तुटला तर मी पाच मिनिटांत याच नंबरवरून फोन करतो." आधी सांगितलं की ती तयारी ठरते. कॉल तुटल्यावर तेच सांगितलं तर सबब वाटते.

मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की मुलं नाव, गाव, वडील काय करतात, भाऊ किती, असं सुरू करतात. ते विचारणाऱ्याला कामाचं ऐकायचं असतं. तुमचा वीस सेकंदांचा निरोप इथेच वापरा.

पुढचे प्रश्न कामाचे येतात आणि तिथे "हो" एवढंच उत्तर देऊन थांबू नका. क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी आलेल्या एका बी.एस्सी. मुलीला आमच्या केमिस्टने प्रयोगशाळेतल्या एका चाचणीबद्दल विचारलं, "टायट्रेशन येतं?" ती म्हणाली, "हो सर." केमिस्ट वाट बघत राहिले, ती गप्प. तिची निवड झाली नाही. तिच्यानंतर आलेली मुलगी म्हणाली, "हो सर, तिन्ही वर्षं केलं. एकदा माझं रीडिंग सोबतच्या मुलीपेक्षा बरंच जास्त आलं. मग बघितलं तर ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला होता. तो काढून पुन्हा केलं, तीनदा जुळलं." केमिस्टनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न थेट रुजू होण्याच्या तारखेचा विचारला. एक खरा प्रसंग, त्यात काय अडलं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. असे तीन प्रसंग घरून आठवून जा.

येत नसेल ते येत नाही म्हणा, पण तिथे थांबू नका. "हे मशीन मी चालवलेलं नाही, याच्या आधीचं मॉडेल चालवलंय" असं म्हणता येतं. इंग्रजीत अडलात तर "सर, हा भाग मी हिंदीत सांगू का?" असं विचारा. कारखान्यातल्या बहुतेक जागांसाठी कुणी नाही म्हणत नाही. आणि आपल्या बोलीचा हेल आला तर येऊ दे. मालवणी, संगमेश्वरी हेल काढून टाकण्याच्या नादात मुलं वाक्यच विसरतात. फक्त सावकाश बोला.

पगाराचं बोलणं

"तुम्ही द्याल ते" असं म्हणू नका. आधी त्या भागात त्या कामाला काय मिळतं ते तुमच्या यादीतल्या दोघा-तिघांना विचारून ठेवा आणि मग एक आकडा सांगा. वर्षाचा आकडा ऐकलात की लगेच विचारा, "यातले हातात महिन्याला किती येतील?" समजा वर्षाला २,४०,००० म्हणजे महिन्याला २०,००० सांगितले आणि त्यात मूळ वेतन १२,००० आहे. पीएफसाठी मालकाचे १२ टक्के, म्हणजे १,४४०, बऱ्याचदा याच आकड्यात धरलेले असतात. तुमचेही तेवढेच कापले जातात. उरले १७,१२०. त्यातून लागू असेल तर व्यवसाय कर आणि ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, जातो. हे पैसे वाया जात नाहीत, पण पनवेलला खोली भाड्याने घेताना हातातला आकडाच धरावा लागतो. जेवण, बस आणि ओव्हरटाइम याबद्दलही तिथेच विचारा. विचारल्याने ऑफर परत गेली असं माझ्या अठरा वर्षांत एकदाही झालं नाही.

नोकरी लागल्यावर

इथपर्यंत मुलं तयारी करतात. रुजू झाल्यावर मात्र बोलणं पुन्हा मोघम होतं आणि तिथे त्याची किंमत जास्त असते.

पावसाळ्यातली एक रात्र मला विसरता येत नाही. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर अकरा वाजता बसची घाई म्हणून निघाला. जाताना तिसऱ्या पाळीच्या मुलाला म्हणाला, "तो दोन नंबरचा पंप जरा बघ हां." मुलाने जाऊन बघितलं, पंप चालू होता. त्याला वाटलं, झालं काम. खरं म्हणजे त्या पंपाचं सील संध्याकाळपासून गळत होतं आणि गळती वाढत चालली होती. पहाटे खालचा ट्रे भरून द्रावण जमिनीवर आलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण बॅच थांबवावी लागली. सकाळी चौकशीला दोघे माझ्यासमोर बसले. दोघेही खरं बोलत होते. एक म्हणाला, "मी सांगितलं होतं." दुसरा म्हणाला, "मी बघितलं होतं." सगळी गडबड त्या "जरा" शब्दात होती.

त्यानंतर पाळी बदलताना रजिस्टरमध्ये कसं लिहायचं ते आम्ही बसून ठरवलं. त्याच गोष्टीची नोंद अशी व्हायला हवी होती: "पंप २, मेकॅनिकल सील गळतंय. ६ वाजता मिनिटाला १० थेंब, १०.३० ला २५. मेंटेनन्सला १०.४० ला फोन केला, सकाळी ७ ला येणार. स्टँडबाय पंप तयार आहे. दर अर्ध्या तासाने मोजणे, ४० च्या वर गेल्यास पंप बदलणे." लिहायला दोन मिनिटं लागतात. लिहून झालं की पुढच्या माणसाने ते आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं, आणि मगच आधीच्याने गेटबाहेर जायचं. ऑफिस असो, हॉटेल असो, काजूचा कारखाना असो, काम दुसऱ्याच्या हाती देताना कुठवर आलंय, काय बाकी आहे आणि कधी काळजी करायची, हे तिन्ही सांगा.

समजलं नाही तरी "हो" म्हणायची सवय आपल्याकडे फार आहे. मोठ्या माणसाला परत कसं विचारायचं, ही भीड. त्यावर माझा एक उपाय आहे. "समजलं नाही" म्हणायला जड जात असेल तर "म्हणजे मी आधी हे करू, मग ते करू, आणि चारपर्यंत तुम्हाला दाखवू, बरोबर ना?" असं म्हणा. चुकत असेल तर साहेब तिथेच दुरुस्त करतील, आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत हेही त्यांना दिसेल.

वाईट बातमी लवकर सांगा, आणि सोबत पुढचं पाऊल सांगा. "सर, शुक्रवारचा माल शुक्रवारी निघणार नाही, खोके कमी आलेत. सोमवारी सकाळी निघेल. ग्राहकाला आजच कळवू का?" हे बुधवारी सांगितलं तर तो अडचणीवरचा विचार असतो. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं तर साहेबांना ग्राहकाची बोलणी खावी लागतात आणि मग ती खाली तुमच्यापर्यंत येतात.

साहेबांचं म्हणणं पटत नसेल तर चारचौघांत किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. बाजूला भेटून, "मला एक अडचण दिसतेय, सांगू का?" असं विचारून सांगा. ग्रुपवर रागात लिहिलेलं वाक्य तुम्ही पुसलंत तरी कुणाच्या तरी फोनमध्ये त्याचा फोटो राहतो.

गणपतीची रजा

कोकणातल्या माणसाच्या नोकरीत सगळ्यात जास्त वाद या एका विषयावर होतात. दोन दिवस आधी "गावी जावंच लागेल" म्हणायचं, रजा नाकारली की आजारी पडायचं, आणि परत आल्यावर पगार कापलेला बघायचा. असं करण्याची गरज नसते.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी ते १२० दिवसांचं होतं. तुम्ही तिकिटासाठी तो दिवस लक्षात ठेवताच. त्याच दिवशी रजेचा अर्जही द्या. अर्जात तारखा लिहा, तुमचं काम त्या दिवसांत कोण बघणार ते त्याला विचारून त्याचं नाव लिहा, आणि बदल्यात तुम्ही काय द्याल तेही लिहा: "दिवाळीत मी थांबेन." ज्या खात्यात चार कोकणातली मुलं असतील तिथे चौघांनी आधी आपापसांत बसून ठरवा. कुणाचा दीड दिवसाचा गणपती असतो, कुणाचा पाच, कुणाचा अकरा दिवसांचा. हे जुळवून एकत्र कागद साहेबांसमोर ठेवलात तर त्यांना नाही म्हणायला कारण उरत नाही. आमच्याकडे एका खात्यात मुलांनी हे केलं आणि त्या वर्षी एकाचीही रजा नाकारावी लागली नाही.

नोकरी सोडताना

दुसरीकडचं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आधी साहेबांना समोरासमोर सांगा, मग त्याच दिवशी लेखी द्या: शेवटचा दिवस कोणता, नोटिशीचे दिवस कसे पूर्ण करणार, आणि काम कुणाला समजावून देणार. कारणं लिहायची गरज नाही, तक्रारी तर मुळीच नको.

जाण्यापूर्वी अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर मागून घ्या. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर वहीत लिहून ठेवा, आणि नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पीएफच्या नोंदीत भरली का ते महिन्या-दोन महिन्यांनी पोर्टलवर बघा. कंपनीने भरली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी तुम्हाला ती स्वतः ऑनलाइन भरता येते. ती तारीख राहून गेली की पुढे पैसे काढताना अडतं.

आणि ज्या काकांनी पहिल्यांदा तुमचा बायोडाटा पुढे पाठवला होता, त्यांना हे बाहेरून कळू देऊ नका. नव्या ठिकाणी रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना फोन करा:

"काका, तुमच्यामुळे तिथे लागलो होतो म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. आजचा माझा शेवटचा दिवस होता, नोटीस पूर्ण केली, साहेबांशी नीट बोलून निघालो. उद्यापासून महाडला. माझ्या जागेवर मुलगा हवाय त्यांना, फिटरच. आपल्या वाडीतला कुणी असेल तर मी त्याला सगळं समजावून सांगतो."